सिंक तुंबून पाणी ओट्यावर आलं तर

पाणी काठाशी आलं की हात आधी ड्रेन पावडरकडे जातो. ती टाकू नका. तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. वाट मोकळी झाली नाही, तर पाइप उघडताना तेच दाहक पाणी हातावर, डोळ्यांत उडतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आधी नळ बंद करा, आणि आरओसुद्धा. त्याची टाकाऊ पाण्याची नळी बऱ्याच घरी सिंकमध्येच सोडलेली असते, म्हणून नळ बंद असूनही पाणी वाढत राहतं. पाणी विजेच्या बोर्डापर्यंत पोचलं असेल तर कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करा.

मग ओट्याखाली वाकून नीट बघा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. आपल्याकडे अनेक फ्लॅटमध्ये सिंकचा पाइप खालच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, जाळीत सोडलेला असतो. जाळी कोरडी आणि सिंक भरलेलं, तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे आणि तो घरच्या घरी निघतो. जाळीतूनच पाणी वर येत असेल तर तुंबलंय त्याच्या पुढे, तिथे प्लंबर लागेल. आणि तुमचे सगळे नळ बंद असतानाही पाणी चढत असेल, तर ते वरच्या मजल्यांचं आहे. सामायिक लाइन तुंबली आहे. वरच्यांना भांडी थांबवायला सांगा, सोसायटीला लगेच कळवा. तळमजल्यावरच्या एकाच घरानं हे निस्तरत बसणं अन्यायाचं आहे, आणि त्यानं लाइन सुटतही नाही.

घरातलाच अडथळा असेल तर पाणी मगानं उपसा, पण रबरी पंपाची वाटी बुडेल इतकं राहू द्या. सिंकला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा दाब तिथूनच निसटतो. पंप सरळ धरून 15-20 वेळा दाबा आणि तेवढ्याच जोरानं ओढा.

तरी सुटलं नाही, तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या भागाची, खालची वाटी हातानं फिरवून काढा. ट्रॅप नसून नुसता वळ्यांचा पाइप असेल, तर तो सिंकखालच्या नटापासून सोडवून मोरीत धुवा. आत बहुधा गोठलेलं तूप-तेल आणि त्यात रुतलेली चहाची पूड, भाताची शितं सापडतात. म्हणून तळणीची कढई घासण्याआधी वर्तमानपत्रानं पुसावी. राहिलेला चिकटा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं जातो. उकळतं पाणी नको, पीव्हीसी मऊ पडतं.

जोडताना वॉशर जागेवर बसवा, हातानंच घट्ट करा. आधी थोडंच पाणी सोडून बघा. रात्री सांध्याखाली कोरडा कागद पसरून ठेवा. सकाळी तो कोरडा असला, तरच डबे पुन्हा सिंकखाली लावा.