कंपोस्ट टी बिघडतो कुठे? गच्चीवरच्या बागेत या चुका टाळा

घरी ओला कचरा जिरवणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हे घडतं. डब्याच्या तळाशी काळसर पाणी साचतं, कुणीतरी सांगतं की हाच कंपोस्ट टी, आणि ते पाणी झारीतून थेट कुंड्यांमध्ये जातं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ते पाणी म्हणजे अर्धवट कुजलेल्या साली-देठांचा निथळ. त्यात आम्लं आणि क्षार असतात, शिवाय ते हवा न मिळालेल्या जागी साचलेलं असतं. टाकून द्यायचं जिवावर येत असेल तर दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या मातीत घाला. पानांवर आणि भाजीच्या कुंड्यांत नको. कंपोस्ट टी वेगळा: पूर्ण तयार खत पाण्यात भिजवून काढलेला अर्क.

‘पूर्ण तयार’ हे शब्द मीही एकदा हलक्यात घेतले होते. खत वरून काळं, भुसभुशीत दिसत होतं, पण आत सालींचे तुकडे ओळखू येत होते. त्याच खताचा अर्क टोमॅटोच्या कोवळ्या रोपांना घातला आणि आठवडाभरात खालची पानं पिवळी पडली. कच्चं खत मातीत गेल्यावरही कुजतच राहतं आणि त्यासाठी लागणारा नत्र व प्राणवायू मुळांच्या वाट्यातून घेतं. आता मी आधी दोन परीक्षा घेते. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर पावसाळी मातीसारखा वास आला तर ठीक, आंबट किंवा नाकाला झोंबणारा आला तर खत अजून मुरू द्यायचं. दुसरी, त्या खतात मेथीचे दाणे टाकायचे. मेथी दोन-तीन दिवसांत उगवते. उगवलीच नाही किंवा कोंब करपले, तर उत्तर मिळालं.

खत चांगलं असूनही अर्क नासतो तो हवेअभावी. दहा लिटर पाण्याला अर्धा ते एक किलो खत सुती फडक्यात सैल बांधून सोडते आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावते. पाणी सतत खदखदत राहिलं पाहिजे. एक-दोन बुडबुडे येऊन भागत नाही. पंप नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा काठीने जोरात ढवळा आणि चोवीस तासांच्या आत वापरून टाका. उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७च्या आसपास. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत बादली गच्चीवर न ठेवता घरात सावलीला ठेवा. रात्री वीज गेली, पंप बंद पडला आणि सकाळी सडका वास आला, तर तो अर्क वाचवायला जाऊ नका. सुक्या पानांच्या ढिगावर ओता. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवणंही व्यर्थ आहे. पंप थांबल्यावर चार-पाच तासांत तो झाडांना मिळायला हवा.

आता गुळाबद्दल, कारण ‘थोडा गूळ घाला, जिवाणू वाढतात’ हा सल्ला सर्रास दिला जातो. जिवाणू वाढतात हे खरं, पण गूळ चांगले-वाईट बघत नाही. खतात शेणातून आलेले ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जिवाणू थोडे जरी उरले असतील, तरी तेही वाढतात. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या नियमांसाठी नेमलेल्या अभ्यासगटाने २००४ साली याच कारणाने अशी भर घातलेल्या, तपासणी न झालेल्या अर्काला कच्च्या शेणखताचाच नियम सुचवला: वापर आणि काढणी यांत ९० ते १२० दिवसांचं अंतर. आपली कोथिंबीर दीड महिन्यात ताटात येते आणि ती आपण कच्चीच खातो! म्हणून मी गूळ घालत नाही, आणि कोथिंबीर, पुदिना, पालक यांच्या पानांवर कोणताच अर्क फवारत नाही. जीवामृतात तर शेण आणि गूळ दोन्ही असतात. तेही फळझाडांच्या मातीलाच द्यावं.

नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. अर्क दोनदा गाळा, नाहीतर फवारणीच्या पंपाची तोटी तुंबते. फवारणी संध्याकाळी.

एवढं नीट करूनही ‘झाडाला फरक पडला नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा अपेक्षाच चुकलेली असते. या पातळ अर्कात अन्नद्रव्यं फार थोडी असतात. उपाशी मिरचीला कुंडीत दोन मुठी खतच लागतं. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण यानं जात नाही. तो ओल्या कापसाने पुसावा लागतो. पावसाळ्यात तर कुंडी आधीच चिंब असते, वर आणखी पाणी म्हणजे मुळं कुजण्याला आमंत्रण. उघडीप मिळेपर्यंत थांबा.

काम झालं की बादली, नळी आणि हवेचा दगड (नळीच्या टोकाला लावलेला, बारीक बुडबुडे काढणारा) लगेच ब्रशने घासा. आत बसलेला बुळबुळीत थर पुढच्या वेळचा अर्क पहिल्या तासापासून नासवू लागतो. सगळं धुऊन कडक उन्हात उलटं वाळत घाला.