कथा शेवटी फसते, पण बिघाड आधीच झालेला असतो : लिहिताना या चुका टाळा

हिवाळा आला की आपल्या बेळगाव सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी अशा गावांत मंडप पडतात, ग्रंथदिंडी निघते आणि एखादं सत्र कथाकथनाचं असतं. त्या सत्राला बसलेली माणसं फार चांगली परीक्षक असतात. कथेनं पकड घेतली तर मांडीवर पोर घेऊन बसलेली बाईसुद्धा जागची हलत नाही. कथा सुटली की मागच्या रांगा चहाकडे वळतात. हीच माणसं रात्री घरी मालिका बघतात आणि सकाळी "कायबी दाखवतात बघ" म्हणून मोकळी होतात.

ज्याला कथा, एकांकिका किंवा मालिका लिहायची आहे त्यानं हे "कायबी" नीट समजून घ्यावं. पुष्कळांना वाटतं, शेवट दुःखाचा झाला की लोक नाराज होतात. माझा अनुभव वेगळा आहे. नायिका मेली तरी लोक डोळे पुसत समाधानानं घरी जातात. राग येतो तो घडलेलं पुसून टाकल्याचा. चार महिने ज्या संकटापायी जीव टांगणीला लागला होता, ते एका भागात फुंकर मारल्यासारखं नाहीसं झालं, की बघणाऱ्याला वाटतं, मग आपण जीव लावला कशाला? कथेत घडलेली गोष्ट घडलेलीच राहिली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खालच्या बहुतेक चुका याच एका ठिकाणी होतात.

मेलेला माणूस परत आणणं

'डॅलस' ही अमेरिकन मालिका १९७८ ते १९९१ अशी चालली. तिच्यातला बॉबी हा मुख्य माणूस गाडीची धडक बसून मेला, कारण ते काम करणारा नट मालिका सोडून गेला होता. पुढं नट परत यायला तयार झाला. तेव्हा १९८६ साली लेखकांनी सांगून टाकलं, की बॉबीच्या मृत्यूपासून पुढचं अख्खं वर्ष हे त्याच्या बायकोला पडलेलं स्वप्न होतं. त्या वर्षात जे जे घडलं होतं, जी भांडणं, जी लग्नं, ती सगळी एका सकाळी रद्द झाली. कथा अशी फसू नये म्हणून आजही हे उदाहरण दिलं जातं.

याच्या शेजारी शेरलॉक होम्स ठेवून बघा. १८९३ च्या कथेत तो धबधब्यात पडून गेला आणि १९०३ साली परत आला. वाचकांनी त्याला आनंदानं घरात घेतलं. का? पहिल्या कथेत मृतदेह कुणालाच सापडला नव्हता. वॉटसननं काय पाहिलं होतं? कड्याकडे गेलेली दोन माणसांची पावलं, एक काठी आणि एक चिठ्ठी. बाकी सगळा त्याचा अंदाज. परत येताना लेखकानं तो अंदाज खोडला, पण पावलं, काठी, चिठ्ठी तशीच ठेवली. आणि वॉटसननं मित्राविना काढलेली वर्षं काही त्याला परत मिळाली नाहीत.

म्हणून माणूस परत आणायचाच असेल तर आधी मागं जाऊन तपासा : वाचकाच्या डोळ्यांसमोर नक्की काय घडलं होतं? सरणाला अग्नी दिलेला दाखवला असेल तर तो माणूस आता फक्त आठवणीतच येऊ शकतो. हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस आणणं म्हणजे तीच चूक वेगळे कपडे घालून आणणं.

एका वाक्यात सुटणारा गैरसमज

मालिकांचा सगळ्यात मोठा आजार हाच. सासरा दाराआड उभा आहे, आत सून फोनवर म्हणते, "आण्णांना यातलं काही कळता कामा नये." पुढचं वाक्य, "त्यांच्या पंचाहत्तरीला सगळे जमायचं ठरलंय", हे मात्र त्यांच्या कानावर पडत नाही. मग तीन आठवडे अबोला. बघणारी आई-आजी टीव्हीला ओरडून सांगतात, अहो, तिला विचारा तरी एकदा! ज्या क्षणी प्रेक्षकाला हे ओरडावंसं वाटतं त्या क्षणी कथा लेखकाच्या हातातून गेली. माणसं आता आपल्या स्वभावानं वागत नाहीत, भाग भरायचे म्हणून वागतात.

तपासायची सोपी रीत आहे. ही दोन माणसं एका खोलीत दहा मिनिटं बसली तर प्रश्न सुटतो का? सुटत असेल, तर त्यांना बसू न देणारं कारण शोधा. ते कारण दाराआडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यात नको. ते त्या माणसांच्या आत असायला हवं.

आपल्या भागात अशी कारणं पावलोपावली आहेत. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ आहेत. वडील वारले, जमिनीचा कागद तालुक्याहून आला, आणि तो कन्नडमध्ये आहे. थोरले आण्णा मराठी शाळेत शिकलेले. बसच्या पाट्या अंदाजानं ओळखतात, पण सरकारी कन्नड त्यांना वाचता येत नाही. धाकटा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. घरात तो कागद घडाघडा वाचू शकणारं एकच माणूस आहे, धाकट्याची बायको. ती बैलहोंगलची, कन्नड घरातली. आणि हे लग्न होऊ नये म्हणून आण्णा दोन वर्षं हटून बसले होते.

आता आण्णा कागद घडी घालून देवाच्या फळीवर ठेवतात. हरकत घेण्याची मुदत निघून जाते. धाकट्याला वाटतं, थोरल्यानं मुद्दाम दडवला. इथंही गैरसमजच आहे, पण तो सोडवायला आण्णांनी तोंड उघडणं म्हणजे ज्या सुनेला उंबरठ्याच्या आत घ्यायला ते तयार नव्हते तिच्यापुढं कागद धरून "वाचून दाखव पोरी" म्हणणं. दहा मिनिटं खोलीत बसवा, वीस मिनिटं बसवा. प्रेक्षकाला कळतं की हे बोलणं त्यांना किती जड आहे. तो टीव्हीला ओरडत नाही, आण्णांबरोबर गप्प बसतो.

आणि नंतर खरं बाहेर आलं तरी मुदत गेलेली आहे. समेट होईल, सून कागद वाचून दाखवेल, आण्णांच्या डोळ्यांत पाणी येईल, पण जे हुकलं ते हुकलं. इथं अनेक लेखक कचरतात आणि तहसीलदाराच्या रूपात एक देवमाणूस आणून मुदत वाढवून देतात. एवढा एक मोह आवरा. तो आवरला तर समेटाचा प्रसंग दुप्पट मोठा होतो, कारण आता ती दोघं जमिनीसाठी एकत्र येत नाहीत.

"पण हे खरंच घडलंय हो!"

नवे लेखक योगायोगाचं समर्थन हमखास असं करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना मोठा पूर आला होता. त्या पुरात सावकाराची वही वाहून गेली आणि नायक कर्जातून सुटला, अशी कथा कुणी लिहिली तर पूर खरा असूनही कथा खोटी वाटेल. ॲरिस्टॉटलनं सुमारे २३०० वर्षांपूर्वी हेच म्हटलंय, की कथेत पटणारी अशक्य गोष्ट परवडते, न पटणारी शक्य गोष्ट परवडत नाही.

दुरुस्ती बहुतेक वेळा जागा बदलून होते. तोच पूर कथेच्या सुरुवातीला आणा. घर पडलं, आणि सावकाराची भिजलेली वही नेमकी नायकाच्या हाती आली. आता तो काय करतो? वाळवून परत देतो, की चुलीत घालतो? पहिल्या कथेत पुरानं नायकाचं काम केलं होतं, या कथेत ते त्याला स्वतःला करावं लागतं.

धक्का दिला की झालं, असं मानणं

ओटीटीवरच्या मालिका बघून बघून आपल्या एकांकिकांनाही शेवटच्या मिनिटाला उलटी कोलांटी मारायची सवय लागली आहे. प्रेक्षकाला काहीच सुगावा लागू नये म्हणून लेखक सगळं लपवतो, आणि त्या लपवाछपवीत माणसंही लपतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. समोर बसलेल्यांना दुष्यंत-शकुंतलेची गोष्ट ठाऊक होती, तरीही नाटकानं लोकांना वेड लावलं. कालिदासाच्या मूळ रचनेतच त्याचं कारण आहे. दुर्वासाचा शाप आपण ऐकतो, अनसूया-प्रियंवदा ऐकतात. शकुंतलेला मात्र कळत नाही. मैत्रिणी सांगत नाहीत, कारण तिच्या कोवळ्या जिवाला हे सोसणार नाही असं त्यांना वाटतं. मग ती भर दरबारात अंगठी दाखवायला बोट पुढं करते आणि बोट रिकामं. आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणूनच छातीत धस्स होतं. लपवून ठेवलं असतं तर नुसतं "अरेच्चा" झालं असतं.

पुढं अंगठी सापडते, राजाला आठवतं, भेटही होते. पण तोवर मुलगा सिंहाच्या छाव्याशी खेळण्याइतका मोठा झालेला असतो. त्याचं बाळपण बापाला बघायला मिळालं नाही, ते कुठल्याही अंगठीनं परत येत नाही. गोड शेवट असूनही तो उथळ वाटत नाही, तो याच्यामुळे.

भरतानं नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितले : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. निर्वहणात आधी पेरलेलं सगळं एका ठिकाणी गोळा व्हायचं असतं, आणि तिथं अद्भुत रस असावा असंही तो सांगतो. म्हणजे चकित करायला हरकत नाही, पण आधी पेरलेल्यातूनच. तुमच्या शेवटच्या धक्क्याचं बी कुठल्या प्रवेशात आहे, त्यावर बोट ठेवता येतं का बघा. नसेल ठेवता येत, तर शेवट बदलण्याआधी सुरुवात बदला.

खाष्ट माणसाला एका रात्रीत पाझर फुटणं

याला फार शब्द नकोत. निपाणीच्या तंबाखू वखारीतली मुकादमीण दोनशे भाग बायकांना छळते आणि शेवटच्या भागात पाया पडते, हे कुणालाही पटत नाही. विसाव्या भागात तिनं एका आजारी बाईची हजेरी गुपचूप लावलेली असू दे. कुणाच्या लक्षात आली नाही तरी चालेल. आणि तिनं ज्यांची मजुरी कापली त्यांतल्या एकीनं तरी तिला शेवटपर्यंत माफ करू नये.

गाव आपलं, माणसं कुठलीच नाहीत

बेळगाव दाखवायचं म्हणून किल्ला, कुंदा आणि चन्नम्मा चौक दाखवतात, आणि माणसं पुण्यातल्या पेठेतलं बोलतात. कन्नड बोलणारा आला की तो एकतर दुष्ट, नाहीतर हसवायला. इथं राहणाऱ्याला हे लागतं. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्लीत एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषा चालतात, भांडणसुद्धा अर्धं या भाषेत, अर्धं त्या भाषेत होतं. आमच्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात. मालिकेतली सून "मी येते हं" म्हणाली की आमची आजी लगेच ओळखते, ही बाहेरची. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथांत हे मिश्र बोलणं पोराच्या कानातून येतं, म्हणून तिथं ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

तरी नुसती बोली चिकटवून भागणार नाही. जागेनं कथेत काम केलं पाहिजे. पोरीला कुठल्या माध्यमात घालायचं, नोकरीच्या अर्जावर कुठल्या राज्याचा रहिवासी म्हणून लिहायचं, मामाचं गाव चंदगडला म्हणजे हद्दीपलीकडे, हे प्रश्न घराघरांत निर्णय घ्यायला लावतात. आपल्या कथेतलं गाव उचलून साताऱ्याला ठेवून बघा. काहीच अडलं नाही, तर ती कथा इथली नव्हतीच.

वाहिनी म्हणाली, "अजून वाढवा"

मालिका लिहिणाऱ्यांची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल मला कळकळ वाटते. प्रेक्षकसंख्येचे आकडे आठवड्याला येतात, कथा, पटकथा आणि संवाद बऱ्याचदा तीन वेगळी माणसं लिहितात, भाग चित्रीकरणाच्या जेमतेम काही दिवस आधी हातात पडतात. शेवट कधी आहे हेच ठाऊक नसताना शेवटाकडे जाणारी कथा कशी लिहायची?

एक उपाय म्हणजे नोंदवही. कुणाला काय माहीत आहे, कुणी काय गमावलं, कुणी कुणाला काय शब्द दिला, हे भागाच्या क्रमांकासह लिहून ठेवा. लेखक बदलला तरी वही बदलू नये. दुसरं, एकच मोठा प्रश्न ताणण्यापेक्षा पाच-सहा आठवड्यांत सुटणारे छोटे प्रश्न घ्या आणि ते खरोखर सोडवा. सुटलेला प्रश्न पुन्हा उकरू नका. त्याच्या परिणामातून पुढचा काढा.

त्या दोन भावांचंच घ्या. कागदाचं प्रकरण संपलं, समेट झाला, मालिका बंद व्हायला पंधरा दिवस आहेत आणि वाढवायचा निरोप आला. जमीन परत मिळवून देणारा वकील आणू नका. भावांनी चुली वेगळ्या केल्यात, आणि आता भाद्रपद आलाय. गणपती थोरल्या घरी बसवायचा ही पिढ्यांची रीत. पण आण्णांच्या बायकोचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय, नैवेद्याचं सगळं धाकटीवर पडणार, आणि भावकीत कुजबुज आहे की बैलहोंगलच्या सुनेच्या हातचा नैवेद्य चालेल का. ज्या आण्णांनी तिच्याकडून कागद वाचून घेतला, ते भावकीसमोर तिच्या बाजूनं उभे राहतात का, एवढ्यावर दोन महिन्यांचे भाग निघतात.