ट्रॅव्हल एजंटाकडून परदेशाचे विमान तिकीट स्वस्तात कसे मिळवावे

ट्रॅव्हल एजंटाला फोन करून ‘सगळ्यात स्वस्त तिकीट कितीला पडेल?’ एवढेच विचारले, तर तो बहुधा आपण मोबाइलवर आधीच पाहिलेले भाडे सांगतो, कारण दोघांच्याही समोर विमान कंपनीने जाहीर केलेले भाडेच असते. एजंटाचा खरा उपयोग होतो तो जाहीर न होणाऱ्या भाड्यांसाठी आणि नियमांतून वाट काढण्यासाठी, आणि त्याकरिता त्याला नेमकी माहिती द्यावी लागते. तारखा किती दिवस मागेपुढे सरकू शकतात, सामान किती आहे, वाटेत विमान बदलण्याची तयारी आहे का, प्रवाशांत कोणी विद्यार्थी किंवा जहाजावर नोकरी करणारे आहे का, हे पहिल्याच बोलण्यात सांगावे. त्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच तारखांचे, कर आणि सामान धरून होणारे एकूण भाडे लिहून ठेवावे. तो आकडा हाताशी नसेल, तर सवलत मिळाली की सवलत हा नुसता शब्द मिळाला, हे कळत नाही.

विमान कंपन्या काही भाडी कन्सॉलिडेटर म्हणवणाऱ्या घाऊक विक्रेत्यांना कमी दराने देतात. कन्सॉलिडेटर एजंटाला नेट भाडे, म्हणजे एजंटाचा नफा न धरलेले भाडे, सांगतो आणि एजंट त्यावर आपला नफा चढवून ग्राहकाला दर देतो, म्हणजे घासाघीस होऊ शकते ती फक्त या चढवलेल्या रकमेत. ‘या मार्गावर नेट भाडे मिळेल का?’ असे स्पष्ट विचारावे. जाहीर भाडे चढलेले असते तेव्हा नेट भाड्याचा फायदा ठळक दिसतो. उलट कंपनीचा सेल चालू असेल तर जाहीर भाडेच स्वस्त पडू शकते. नेट भाड्याच्या तिकिटावर माइल्स, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना कंपनी देते ते गुण, कमी मिळू शकतात किंवा मुळीच मिळत नाहीत आणि तारीख बदलायची झाल्यास कंपनी बहुधा पुन्हा एजंटाकडेच पाठवते, हे गृहीत धरून चालावे.

कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट समजून घ्यावी. इकॉनॉमीच्या एकाच केबिनमधील जागा निरनिराळ्या बुकिंग क्लासमध्ये वाटलेल्या असतात. प्रत्येक क्लासला एक इंग्रजी अक्षर असते आणि प्रत्येकाचे भाडे व नियम वेगळे असतात. एजंटाच्या पडद्यावर प्रत्येक अक्षरापुढे शिल्लक जागांचा आकडा दिसतो, आणि तो सहसा ९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे तेथील ९ म्हणजे ‘९ किंवा अधिक’ असे समजायचे. आता समजा, स्वस्त क्लासमध्ये ३ जागा उरल्या आहेत आणि घरातली माणसे ४ आहेत. चौघांची जागा एकत्र मागितली की प्रणाली जिथे ४ जागा आहेत त्या वरच्या क्लासकडे जाते आणि चौघांनाही चढे भाडे लावते. तिघांचे तिकीट खालच्या क्लासमध्ये आणि एकाचे वरच्या क्लासमध्ये काढले, तर तिघांचा फरक वाचतो. एजंट हे आपणहून करतोच असे नाही, कारण त्याचे काम दुप्पट होते. म्हणून ‘३ आणि १ असे करून पाहा’ असे आपणच सुचवावे आणि दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून घ्यायला सांगावे, म्हणजे वेळापत्रक बदलल्यास कुटुंबाची ताटातूट होण्याचा धोका कमी होतो.

स्वस्त क्लासमधल्या जागा अशा मोजक्याच असतात, म्हणून एकाच वेळी चार एजंटांना होल्ड करायला, म्हणजे तिकीट न काढता जागा अडवून ठेवायला, लावू नये. मी एकदा तिघांना कामाला लावले होते आणि तिसऱ्याने सांगितलेले भाडे सर्वांत जास्त निघाले; पहिल्या दोघांनी माझ्याच नावाने स्वस्त जागा अडवून ठेवल्या होत्या. शिवाय एकाच प्रवाशाच्या दुहेरी नोंदी आढळल्या तर कंपनी त्या रद्दही करते. दर दोघातिघांकडून विचारावा, होल्ड मात्र एकाकडेच करावा आणि त्याची मुदत किती वाजता संपते ते विचारून घ्यावे.

विद्यार्थी आणि जहाजावरील कर्मचारी यांच्यासाठी काही कंपन्यांची वेगळी भाडी असतात व त्यांत अनेकदा जादा सामानाची सोय असते. १० किंवा अधिक माणसे असतील तर समूहभाडे विचारावे. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतणेही कधी कधी किफायतशीर ठरते. मात्र दोन स्वतंत्र तिकिटे जोडून केलेला स्वस्त प्रवास मला धोक्याचा वाटतो: पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते, आणि सामान घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

काही कंपन्या अमेडियस, सेबर, ट्रॅव्हलपोर्ट या एजंट वापरतात त्या आरक्षण प्रणालींत आपली सर्वच भाडी देत नाहीत किंवा तेथून काढलेल्या तिकिटावर अधिभार लावतात. लुफ्थान्सा समूहाने २०१५ मध्ये असा १६ युरोंचा अधिभार सुरू केला होता. त्यामुळे एजंटाने कंपनीशी असलेल्या थेट जोडणीतही भाडे पाहिले आहे का, हे विचारणे गैर नाही. त्याने सेवाशुल्क मागितले तर नवल वाटू देऊ नये, कारण कमिशन अनेक ठिकाणी घटले किंवा बंद झाले आहे. फक्त ते किती आणि तिकीट रद्द केल्यास परत मिळेल का, हे आधी ठरवावे.

पैसे देण्यापूर्वी तारीख बदलण्याचा, रद्द करण्याचा आणि विमानाला न पोहोचल्याचा दंड, सामानाची मर्यादा आणि बुकिंग क्लासचे अक्षर एवढे लेखी मागावे. पैसे दिल्यावर केवळ सहा अक्षरी पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट निघाले असे नव्हे. तिकिटाचा १३ अंकी क्रमांक मागावा, पीएनआर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावे. ही तपासणी त्याच दिवशी करावी, कारण त्या दिवसापुरते तिकीट रद्दबातल करून नव्याने काढणे एजंटाला बहुधा शक्य असते. दुसऱ्या दिवसापासून मात्र बहुधा दंडाचे नियम लागू होतात.