क्लासिकचे हायड्रॉलिक टॅपेट वाजत असतील तर

ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा धक्का पुढे पोहोचवणारे भाग) पान्याने जुळवण्याची सवय असलेले मेकॅनिक २००९मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिकवरही तोच उपाय शोधतात. पण २०२१मध्ये नवे इंजिन येईपर्यंतच्या तिच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात) हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे तेथे जुळवायचा स्क्रूच नसतो. टॅपेटच्या पोटात दाबाने भरलेले ऑईल पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर नेणारी दांडी) आणि रॉकर (तो धक्का व्हॉल्व्हवर देणारा दांडा) यांच्यातील फट आपोआप भरून काढते. त्या ऑईलमध्ये हवा शिरली किंवा आतील बारीक गोळीखाली कचरा अडकला, की टिकटिक सुरू होते.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहिले काही क्षण आवाज आला आणि थांबला, तर काहीही करू नये. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर प्रथम सायलेन्सरच्या जोडातून गॅस गळत नाही ना, हे पाहावे. ती फटफट टॅपेटसारखीच ऐकू येते.

त्यानंतर ऑईल. गाडी सपाट जागी सेंटर स्टँडवर लावावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि उजव्या बाजूच्या काचेत पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते तपासावे. ऑईल कमी असले तर पंप हवा ओढतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण जास्त भरले तरी फेस होऊन हवाच टॅपेटमध्ये जाते. १५डब्ल्यू-५० ऑईल आणि नवा फिल्टर घालून, ऑईल गाळणारी जाळी धुऊन, काही दिवस गाडी चालवावी. एवढे केल्याशिवाय इंजिन उघडू नये, असे माझे ठाम मत आहे.

उघडावेच लागले, तर प्रत्येक टॅपेट आणि पुशरॉड कोणत्या बाजूचा, याची खूण करावी, कारण झिजेमुळे तो आपल्याच जागी नीट बसतो. टॅपेट स्वच्छ ऑईलच्या भांड्यात उभा बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत आतला दट्ट्या बारीक सळईने हळूहळू दाबावा. हवा निघूनही दट्ट्या सहज दबत असेल, तर टॅपेट बदलावा. जोडणी करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वर) ठेवून रॉकरचे बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. ऑईलने भरलेला टॅपेट लगेच दबत नसल्याने व्हॉल्व्ह काही काळ उघडा राहतो. तशातच इंजिन फिरवले तर पुशरॉड वाकू शकतो. म्हणून दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरू लागेपर्यंत थांबावे आणि मगच, प्लग काढून, इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे.