जंगलातली पायवाट दुरुस्त कशी करावी: आधी पाणी, मग पायऱ्या

स्वयंसेवक जमले की पहिला हात कोयत्याकडे जातो. वाटेवर आलेली झुडपं दिसतात, ती तोडली की काम झाल्यासारखं वाटतं. पण पायवाट झुडपांनी मोडत नाही, ती पाण्याने मोडते. म्हणून दिवसाची सुरुवात हत्यारं न उचलता करा. जमिनीच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी आधीच घेतलेली असावी. मग सगळ्यांनी मिळून वाट एकदा चालून बघायची: माती कुठे वाहून गेली, गाळ कुठे साचला, मुळं कुठे उघडी पडली. कळत नसेल तर बाटलीभर पाणी वाटेवर ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

एका तुकडीत चार-पाच जण पुरेत. कुदळ, पहार चालवणाऱ्या दोघांमध्ये किमान 3 मीटर अंतर हवं. हत्यार खांद्यावर टाकून चालू नये. हातात, पातं खाली करून न्यावं.

आता पाणी. वाटेच्या दरीकडच्या कडेला वर्षानुवर्षांच्या मातीचा बांध तयार झालेला असतो. तो फावड्याने काढून टाका, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरेल. वाटेला बाहेरच्या बाजूस किंचित उतार हवा: 1 मीटर रुंदीला साधारण 5 सेंटीमीटर. चढाच्या वाटेवर एवढ्याने भागत नाही. तिथे पाणी अडवून बाजूला वळवायला दगडांची किंवा ओंडक्याची आडवण घाला, पण वाटेला काटकोनात नको, सुमारे 45 अंशांत तिरपी. सरळ आडवणीमागे गाळ साचतो, तिरपीवरून तो पाण्याबरोबर निघून जातो. पाणी बाहेर पडेल तिथला चर लांबवर मोकळा करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि फोटोत दिसतही नाही, तरी निम्मा दिवस याला द्यावा असं माझं मत आहे.

पायऱ्या नेहमी खालून वर बांधत जायच्या, कारण वरची पायरी खालचीच्या भरावावर टेकते. ओंडक्याची साल काढून घ्या. सालीखाली ओल धरते, लाकूड लवकर कुजतं. आडवा खाचा खणून त्यात ओंडका बसवा, दोन्ही टोकं कडेच्या मातीत शिरली पाहिजेत. उताराकडच्या बाजूने दोन खुंट पहारीने भोक पाडून खोल ठोका. खुंटाची डोकी ओंडक्याच्या वर राहू देऊ नका, उतरणाऱ्याचा पाय त्यातच अडकतो. मागे तळाला दगड, वर खडी; थोडं टाकायचं, धुम्मसने ठोकायचं, पुन्हा टाकायचं. पालापाचोळ्याची काळी माती भरावात नको. ती कुजून खाली बसते आणि पायरीला पोकळी पडते.

उंची 15 ते 20 सेंटीमीटरच ठेवा. आमच्या गटाने एकदा ओंडके वाचवायला उंच पायऱ्या केल्या. लोक त्यांच्या शेजारून चालायला लागले आणि काही महिन्यांत तिथे दुसरी वाट पडली. तेव्हापासून पायऱ्यांच्या दोन्ही कडांना मोठे दगड नाहीतर काटक्यांचे भारे रचतो. पायाला पायरी सोपी आणि कड अवघड वाटली पाहिजे.

झुडपं शेवटी. पक्ष्यांच्या विणीच्या काळात छाटणी टाळा, इतर वेळीही घरटं आहे का ते बघून घ्या. फांदी बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापा. कडं शाबूत राहिलं की झाड जखम भरून काढतं. जाड फांदीला आधी खालून अर्धवट काप द्या, नाहीतर पडताना ती साल सोलून नेते.

जाण्याआधी हत्यारं मोजा. पानांत पडलेला कोयता दिसत नाही, टोचतो मात्र नक्की. आणि पहिल्या जोरदार पावसात एकाने तरी छत्री घेऊन तिथे जावं: कोणती आडवण चालते आणि कोणत्या पायरीमागे डबकं होतं, हे तेव्हाच दिसतं.