जनरेटेड फाइल कुठून आली, ते कसं नोंदवावं

जनरेटरने, म्हणजे फाइल आपोआप बनवणाऱ्या प्रोग्रॅमने, लिहिलेली फाइल कुणी हाताने दुरुस्त केली, तर जनरेटर पुढच्या वेळी चालताच ती दुरुस्ती पुसली जाते. म्हणून फाइलीच्या माथ्यावरच चार गोष्टी लिहा: मूळ फाइल कोणती, जनरेटर कोणता, त्याचा व्हर्जन क्रमांक आणि फाइल पुन्हा बनवायची पूर्ण कमांड. मूळ फाइलीचा पाथ रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) रूटपासून द्या, स्वतःच्या होम फोल्डरपासून नको. व्हर्जनच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. हा मजकूर जनरेटरच्या टेम्प्लेटमध्येच घाला. हाताने चिकटवलेला टिकत नाही.

गो भाषेत यासाठी ठरलेली इंग्रजी ओळ आहे: दोन स्लॅश, मग ‘कोड जनरेटेड’, शेवटी ‘डू नॉट एडिट’ आणि पूर्णविराम. ती स्वतंत्र ओळीवर, पॅकेजच्या ओळीआधी हवी. पूर्णविराम गाळला, तर नियम काटेकोर पाळणारी साधनं फाइल जनरेटेड आहे हे ओळखत नाहीत.

तारीख-वेळ मात्र लिहू नका. मूळ फाइल तीच असूनही दर वेळी डिफ (आधीच्या प्रतीशी फरक) दिसतो आणि लोक तो न वाचताच मंजूर करू लागतात. जेसनमध्ये कॉमेंटची सोय नाही. तिथे शेजारीच त्याच नावाची टेक्स्ट फाइल ठेवा.

नोंद खरी आहे का, हे सीआयने, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेने, तपासावं. आधी जनरेटेड फाइली पुसा, कमांड चालवा, मग ‘गिट स्टेटस’ रिकामं येतंय का पाहा. नुसत्या ‘गिट डिफ’वर विसंबू नका, नव्याने तयार झालेली अनट्रॅक्ड (गिटमध्ये अजून न नोंदलेली) फाइल त्यात दिसतच नाही. कधी फरक येतो, कधी येत नाही, असं झालं तर आउटपुटमधला क्रम तपासा: गोमध्ये मॅपवर (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांवर) फिरताना क्रम ठरलेला नसतो, कीज सॉर्ट करून लिहाव्या लागतात.

रिलीजच्या टारबॉलचीही, म्हणजे वाटपासाठी एकत्र बांधलेल्या सोर्स फाइलींच्या गठ्ठ्याचीही, हीच तपासणी करा. 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या रिलीजमध्ये मागचं दार (बॅकडोर, म्हणजे गुपचूप शिरायची वाट) सापडलं. ते उघडणारी बदललेली एम4 फाइल (बिल्डच्या मॅक्रोंची फाइल) टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. बिल्ड-साधनांनी घातलेल्या अशा फाइली सहसा कुणी वाचत नाही. टॅगवरून टारबॉल नव्याने बनवा आणि फाइलवार ताडून पाहा. ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेल्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टच्या माथ्यावर ऑटोकॉन्फचा व्हर्जन क्रमांक असतो, आधी तो जुळवा, नाहीतर निरुपद्रवी फरकांच्या ढिगात खरा फरक दिसणार नाही.