गावात डाळ मिल उभारताना कागदपत्रे कोणत्या क्रमाने काढावीत

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने देशातील बहुतेक उद्योगांना लागणारा केंद्राचा परवाना रद्द केला. गावातल्या छोट्या मिलला त्या परवान्याचा जाच कधीच नव्हता, त्यामुळे तो गेल्याचा आनंदही आपल्याकडे फारसा पोहोचला नाही. पुढे जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत भारत २०१५ च्या अहवालातील १४२ व्या स्थानावरून २०२० च्या अहवालात ६३ व्या स्थानावर आला. हे मोजमाप भारतापुरते मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांत होत असे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. इतर काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला. तरीही त्या काळात झालेल्या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच यवतमाळ, वाशीम, अकोल्याच्या खेड्यातही वापरता येतात. अडचण एवढीच की प्रत्येक दाखला आधीच्या कुठल्यातरी दाखल्यावर उभा असतो, आणि ही उतरंड चुकली की सोपे केलेले कामही वर्षभर रेंगाळते. म्हणून येथे तुरीच्या छोट्या डाळ मिलचे उदाहरण घेऊन तो क्रम सांगत आहे. आमची मिल यवतमाळ जिल्ह्यात आहे, आणि क्रम चुकवण्याचा अनुभव मला पुरेसा आहे.

तूर डिसेंबरअखेरीस घरात येऊ लागते आणि मिलचा खरा हंगाम जानेवारी ते मे असतो. त्यामुळे कागदांची सुरुवात पोळ्याच्या सुमारास करावी, म्हणजे संक्रांतीच्या आसपास मिल फिरण्याची शक्यता राहते. दिवाळीनंतर फाईल उघडणाऱ्याचा पहिला हंगाम बहुधा हातचा जातो आणि कर्ज मंजूर झाले असेल तर बिनकमाईचे हप्ते सुरू होतात.

नाव, जागा आणि वीज

सर्वांत आधी आपले नाव तपासावे. आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि सात-बारा या चारही ठिकाणी ते अक्षरश: सारखे असले पाहिजे. आमच्या सात-बाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होते, आधारवर नव्हते. एवढ्या एका शब्दासाठी एका बँकेने आमचे प्रकरण परत पाठवले, प्रतिज्ञापत्र दिल्यावर फेरफाराची नक्कल मागितली, आणि यात दोन महिने गेले. आधारमधील दुरुस्ती सात-बाऱ्यावरील दुरुस्तीपेक्षा लवकर होते, म्हणून शक्य असेल तेथे आधार व पॅन सात-बाऱ्याशी जुळवून घ्यावेत.

त्यानंतर जागा. सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग’ या शब्दांपुढे १ आहे की २, हे पहिल्यांदा पाहावे. वर्ग २ ची (म्हणजे विक्री व वापरावर सरकारी अटी असलेली), भूदानात मिळालेली किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरील परवानगीचा प्रश्न येतो, आणि विदर्भात अशा जमिनी कमी नाहीत. ती वाट धरण्यापेक्षा मिलसाठी दुसरी जागा पाहणे शहाणपणाचे ठरते. जमीन वर्ग १ ची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४४-अ उपयोगी पडते. ठरावीक अटींत बसणाऱ्या जमिनीचा खरोखर औद्योगिक वापर करायचा असेल, तर अकृषिक वापराची (एनए) पूर्वपरवानगी लागत नाही. वापर सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीलाही, प्रादेशिक योजनेत अनुज्ञेय असलेल्या वापरासाठी, कलम ४२-ड खाली सवलत आहे आणि तेथे मुख्य काम आकारणी भरण्याचे असते. तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. त्यांच्याकडे नुसते ‘एनए लागते का’ असे विचारू नये, त्याचे उत्तर सवयीने ‘लागते’ असेच येते. आपला गट क्रमांक कोणत्या कलमात बसतो, असे विचारावे आणि अर्जातही ते कलम लिहावे.

जागा निवडताना विजेचा विचार करणारे मला फार कमी भेटले, आणि मिल आतबट्ट्यात जाण्याचे मोठे कारण तेच असते. ग्रामीण भागात महावितरणने गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी केलेली आहे. शेतात मिल टाकली आणि जवळून फक्त कृषी वाहिनी जात असेल, तर थ्री फेज वीज ठरावीक तासांनाच मिळते, त्यातही काही दिवस रात्रीची. रात्री दोन वाजता मोटारपंप सुरू करता येतो. पण मिलवर दोन बाया आणि एक मिस्त्री बसवून तूर भरडता येत नाही. गावठाण वाहिनीवर घेतलेल्या औद्योगिक जोडणीला ही अडचण येत नाही. म्हणून गावठाणालगतची, महसुली सवलतीत बसणारी आणि गावठाण वाहिनीजवळची अशी एकच जागा शोधावी, म्हणजे दोन कटकटी एकदमच मिटतात. किती खांब लागतील, त्याचे कोटेशन साधारण किती होईल आणि रोहित्रावर भार शिल्लक आहे का, याची चौकशी महावितरणच्या शाखा कार्यालयात बयाणा देण्याआधी करावी. भाराची मागणी यंत्राच्या मोटारीपुरतीच न करता प्रतवारीची चाळणी, पंखे आणि दिवे धरून करावी. आम्ही सुरुवातीला फक्त मोटार मोजली होती, आणि भार वाढवून घेण्यासाठी पुन्हा तोच फेरा घालावा लागला.

जागेच्या मापाबद्दल एक गोष्ट. यंत्राला खोलीभर जागा पुरते. जागा लागते ती वाळवणाला. तूर आधी रोलरवर घासतात, तिला तेल चोळतात, पाणी मारून रात्रभर ढिगात मुरवतात आणि मग उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरतात. दाणा नीट वाळला नाही तर टरफल सुटत नाही, आणि डाळीऐवजी चुरी वाढते. चांगल्या मालात १०० किलो तुरीमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. वाळवणाला अंगण अपुरे पडले तर नुकसान येथेच सुरू होते. लहान प्रमाणासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल आपल्याकडे बरीच रुळली आहे, आणि ती चालू असलेल्या ठिकाणी दोन दिवस बसून पाहिल्याशिवाय यंत्राचे कोटेशन मागू नये.

उद्यम, बँक आणि अनुदान

जागा पक्की झाली की उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी. ही १ जुलै २०२० पासून सुरू असून आधार व पॅनवर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत आणि ती पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटणारी नावे घेऊन पैसे मागणारी संकेतस्थळे भरपूर आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असल्याची खात्री करावी. उद्योगाचे स्वरूप उत्पादन असेच भरावे, व्यापार नव्हे, कारण पुढील बरेच लाभ त्या एका रकान्यावर अवलंबून आहेत.

मग जिल्हा उद्योग केंद्र. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम त्याआधीपासून. दोहोंतही ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला व मागासवर्गीय अशा विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आहे. अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये असे अनुदान आहे. अर्ज करताना त्या वर्षी कोणत्या योजनेत अर्ज स्वीकारणे चालू आहे, हे जिल्हा उद्योग केंद्रातच विचारून घ्यावे.

अनुदानाविषयी गावात जो समज आहे तो आधी दूर केला पाहिजे. रोजगार निर्मितीच्या योजनांत अनुदानाचा पैसा आपल्या हातात येत नाही. तो बँकेत तीन वर्षे आपल्या नावे ठेव म्हणून राहतो, तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज लागत नाही आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर तो कर्जात वळता होतो. मिल दुसऱ्या वर्षी बंद पडली तर अनुदान परत जाऊ शकते. म्हणून ‘१० लाखांच्या प्रकल्पाला ३ लाख फुकट’ असे सांगून प्रकल्प फुगवून देणाऱ्या एजंटाचे ऐकू नये. खर्च फुगवला की हप्ता फुगतो, आणि तो आपल्यालाच भरायचा असतो. प्रकल्प अहवाल स्वत: लिहावा. त्यात तूर खरेदीसाठी लागणारे खेळते भांडवल जरूर दाखवावे. यंत्रासाठी कर्ज मिळाले आणि तूर घ्यायला पैसा नाही, अशा बंद शटरच्या मिली आपल्या भागात दिसतात.

बँकेत तारणाचा प्रश्न निघेलच. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावलेले आहे, आणि त्यावरील कर्जासाठी सन २००० मध्ये स्थापन झालेल्या, तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणाऱ्या पतहमी निधीचे कवच घेता येते. हे शाखा व्यवस्थापकांना ठाऊक नसते असे नाही. तोंडी नकार ऐकून परत न येता अर्ज पोचीसह द्यावा आणि नकाराचे कारण लेखी मागावे. लेखी कारण द्यायचे म्हटले की बऱ्याच प्रकरणांचा पुन्हा विचार होतो.

परवाने

हा भाग वाटतो तितका अवघड राहिलेला नाही. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला मासिक सभेच्या ठरावावर मिळतो, म्हणून सभेची तारीख पाहूनच अर्ज द्यावा. विजेवर चालणाऱ्या मिलमध्ये २० पेक्षा कमी कामगार असतील तर कारखाना म्हणून नोंदणीची गरज पडत नाही. डाळ मिल प्रदूषण नियंत्रणाच्या वर्गीकरणात हिरव्या गटात येते, त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ऑनलाइन मागावी आणि धुळीची व्यवस्था नकाशात दाखवावी. अन्नसुरक्षेसाठी उलाढालीनुसार साधी नोंदणी किंवा राज्याचा परवाना लागतो. दोन्ही केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावरच मिळतात. पाकिटात डाळ विकायची असल्यास वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी, आणि पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, किंमत व पॅकिंगचा महिना छापावा. वजनकाट्याची पडताळणी विसरली जाते आणि दंड बहुधा तिच्यासाठीच होतो.

जीएसटीची नोंदणी मात्र घाईने करू नये. आपल्या राज्यात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत ती बंधनकारक नाही. सुट्या डाळीवर कर नाही. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद डाळीवर ५ टक्के कर आहे. अशी पाकिटे आदिलाबाद किंवा पांढुर्ण्याच्या दुकानदाराला द्यायची झाल्यास माल राज्याबाहेर जातो आणि ४० लाखांची सवलत संपते. आमच्या सीमेवरच्या तालुक्यांतून हे सहज घडते. एकदा क्रमांक घेतला की मिल बंद असलेल्या महिन्यांचेही शून्य विवरणपत्र वेळेत भरावे लागते, नाहीतर विलंब शुल्क चढत जाते. गावकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देण्याने सुरुवात केली तर पहिल्या वर्षी भांडवलही कमी लागते.

तूर थेट शेतकऱ्याकडून घेण्याबाबत गोंधळ आहे. केंद्राचे २०२० चे कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे आपल्याकडे राज्याचा १९६३ चा पणन कायदा लागू आहे. बाजार समितीतून खरेदी करून पट्टी जपून ठेवावी, अन्यथा थेट पणनाचा परवाना घ्यावा.

अर्ज अडला तर आणि पैसे अडले तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. ‘आपले सरकार’वर किंवा सेतूत अर्ज देताना क्रमांक व तारीख असलेली पोच घ्यावी, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मुदत उलटली की ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. आयोगाची कार्यालये नागपूर आणि अमरावतीलाही आहेत. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. माझ्या अनुभवात अपील करण्याची वेळ एकदाच आली. बाकी वेळी पोचीची झेरॉक्स टेबलावर ठेवून ‘मुदत अमुक तारखेला संपते’ असे नम्रपणे सांगितले, तेवढे पुरले. उद्योगाशी संबंधित अनेक विभागांचे अर्ज ‘मैत्री’ या एक खिडकी यंत्रणेतून करता येतात आणि २०२३ च्या कायद्याने तिला वैधानिक आधारही मिळाला आहे.

मिल फिरू लागल्यावर अडतात ते व्यापाऱ्याकडचे पैसे. डाळ उचलणारा व्यापारी ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणतो, आणि आपण पुढच्या तुरीसाठी सावकाराकडे जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातील २०२४ पासूनच्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मोठे व्यापारी मार्चच्या अखेरीस स्वत:हून हिशेब विचारू लागले आहेत. या हक्कासाठी उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधीची हवी आणि बिलावर उद्यम क्रमांक, तारीख व माल मिळाल्याची सही हवी. तरीही रक्कम थकली तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, म्हणजे ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुकरता परिषदेपुढे जाते. पहिले बिलबुक छापायला देतानाच त्यावर उद्यम क्रमांक आणि ‘देय मुदत ४५ दिवस’ ही ओळ घालून घ्यावी. आमच्या पहिल्या दोन बिलबुकांवर ती रबरी शिक्क्याने उमटवावी लागली होती.